आईस्क्रीमचे यंत्र कोणते घ्यावे?
(इयत्ता सातवी)

माझ्या आईच्या बचत गटाने यंदा जत्रेपासून आईस्क्रीमचा धंदा सुरू करायचे ठरवले आहे. गटात दहा बायका आहेत. तीन वर्षे पै-पै करून साठवलेले पैसे यंत्रात घालायचे आहेत, म्हणून घरात रोज त्याचीच चर्चा असते. मी आईबरोबर तालुक्याच्या दोन दुकानांत जाऊन आलो, गुरुजींना शंका विचारल्या. जे समजले ते लिहितो.

सर्वांत जुने यंत्र म्हणजे हाताने फिरवायचा पॉट. अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. लाकडी बादली, तिच्यात डबा आणि डब्यात पाती. डब्याभोवती बर्फ व जाडे मीठ भरतात. मीठ कशाला? दुधात साखर विरघळलेली असते, त्यामुळे ते शून्य अंशाला गोठत नाही, दोन-तीन अंश आणखी खाली जावे लागते. नुसत्या बर्फाने ते होत नाही. मीठ टाकले की बर्फ शून्याच्या खालीही वितळू लागतो आणि वितळताना डब्यातली उष्णता ओढून घेतो. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घेतले, तर शून्याखाली २१ अंशांच्या जवळपास उतरता येते.

पात्यांचे काम दोन प्रकारचे. डब्याच्या कडेला गोठलेला थर खरवडायचा आणि आत हवा मिसळायची. गोठायला वेळ लागला की बर्फाचे खडे मोठे होतात आणि खाताना कचकच लागते. भरभर गोठले तर मऊ होते. जत्रेत दिवसभर हाताने फिरवायचे म्हणजे खांदे गळून पडतील, हे आजीनेच सांगितले.

दुसरा प्रकार मोटरचा पॉट. बर्फ-मीठ तेच, फक्त हँडलच्या जागी मोटर. तिसरे बॅच फ्रीझर. त्यात फ्रिजसारखा कॉम्प्रेसर असतो, बर्फ लागत नाही, माल पटकन निघतो. चौथे सॉफ्टीचे, दांडा ओढला की कोनात पडते. ते दिसायला झकास! पण त्याचे सगळे भाग रोज सुटे करून धुवावे लागतात, आणि आमच्याकडे नळाला एक दिवसाआड पाणी.

बॅच फ्रीझरवर काकूंचे मन बसले होते. दुकानदार म्हणाले, “ताई, तासाला वीस लीटर निघतं.” आईने विचारले, “वीस लीटर दूध, का फुगलेलं आईस्क्रीम? आणि दूध किती गार करून ओतायचं?” मला हे प्रश्न फार आवडले. कारण हवा मिसळून १० लीटर मिश्रणाचे १५ लीटर आईस्क्रीम सहज होते. आणि कोमट मिश्रण ओतले तर तेच यंत्र जास्त वेळ घेते. शिवाय ते यंत्र थ्री फेजवर चालणारे होते. आमच्या घरात सिंगल फेज आहे, थ्री फेज फक्त गिरणीत.

गार करण्याचा हिशेब मी वहीत मांडला. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो. ५ लीटर दूध ३० अंशांवरून शून्यावर आणायला सुमारे १५० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे जवळजवळ २ किलो बर्फ नुसता गार करण्यातच गेला. गोठवायला लागेल तो वेगळा. दूध आधी १० अंशांपर्यंत गार केले, तर या २ किलोंतला सव्वा किलो वाचतो. बर्फाची लादी तालुक्याहून गोणपाटात गुंडाळून आणायची, वाटेत ती थोडी वितळणारच. तेव्हा हा हिशेब लहान नाही.

हवेबद्दल एक गंमत. कायद्याप्रमाणे १ लीटर आईस्क्रीमचे वजन ५२५ ग्रॅमपेक्षा कमी असता कामा नये. म्हणजे १०० मिलीलीटरच्या कपात निदान साडेबावन्न ग्रॅम माल हवा. जत्रेत किराणा दुकानाच्या काट्यावर कप ठेवून पाहा, रिकाम्या कपाचे वजन वजा करायला विसरू नका.

पालकांसाठी सांगतो, कोणतेही यंत्र घेतले तरी मिश्रण आधी सुमारे ६९ अंशांवर अर्धा तास तापवावे लागते. थंडीने जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. दुधाला लागणारे भाग स्टेनलेस स्टीलचे आहेत ना, पाती बदलून मिळतात का, दुरुस्तीला माणूस गावात येतो का, हेही विचारावे. उरलेला माल ठेवायला शून्याखाली १८ अंशांचा डीप फ्रीझर लागतो, तो खर्च यंत्राच्या किमतीत कोणी सांगत नाही.

माझे मत मोटरच्या पॉटला आहे. जत्रा दोन दिवसांची, पुढे लग्नसराई, पावसाळ्यात यंत्र झाकूनच ठेवायचे. कमी पैशांत धंदा कळेल. गटात मात्र सहाजणी पॉटच्या बाजूच्या आणि चौघी बॅच फ्रीझरच्या. येत्या शनिवारी आमच्या ओट्यावर बैठक आहे, तेव्हा माझी हिशेबाची वही आई घेऊन बसणार आहे.