उलाळ गाडी व तेजस विमान

पेडगावच्या शिवारात वाढलेल्या मुलास बैलगाडी भरण्याचे शास्त्र निराळे शिकवावे लागत नाही. कापसाची गाठोडी किंवा कडब्याच्या पेंढ्या रचताना भार आसाच्या किंचित पुढे ठेवावयाचा, हे तो वडीलमाणसांकडे पाहूनच शिकतो. भार फार पुढे गेला तर जू बैलांच्या मानेवर रुतते. मागे गेला तर गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्यास फास बसतो. शहाणा गाडीवान उलाळ गाडी रस्त्यास लावीत नाही. विमान बांधणाऱ्यांनी मात्र जाणूनबुजून उलाळ विमान बांधले आहे. असे त्यांनी का केले आणि ते आकाशात टिकते कसे, हे आज आम्ही आमच्या वाचकांस सांगू इच्छितो.

वाऱ्याच्या झोताने विमानाचे नाक वर गेले की पंखांवरील उचल वाढते. ही वाढीव उचल गुरुत्वमध्याच्या मागे लागत असेल तर ती मागील बाजू वर नेते व नाक आपोआप खाली येते. अशा विमानास स्थिर विमान म्हणतात. उलट गुरुत्वमध्यच मागे असेल तर तीच उचल नाकास आणखी वर ढकलते आणि सेकंदाच्या लहानशा अंशात विमान हाताबाहेर जाते. मग ही विषाची परीक्षा कशासाठी? लढाऊ विमानास चटकन वळावे लागते, व जे जात्याच वळण्यास आतुर आहे त्यास वळविणे सोपे. शिवाय तोल राखण्यासाठी मागील बाजू खाली दाबून ठेवण्यात उचलीचा जो अपव्यय होतो तोही वाचतो, आणि विमान लहान व हलके करिता येते. आपल्या देशात बांधलेले तेजस हे अशाच जातीचे आहे. त्यास निराळी आडवी शेपटी नाही. त्रिकोणी पंखांच्या मागील कडेच्या झडपा एकदम एकाच दिशेने हलल्या म्हणजे नाक वरखाली होते, आणि परस्परांविरुद्ध हलल्या म्हणजे विमान कुशीवर कलते.

असे विमान सावरणे मानवी हातास साधणारे नव्हे. म्हणून वैमानिकाचा दांडा व झडपा यांमध्ये संगणक बसवितात. वैमानिक दांडा हलवितो तेव्हा तो केवळ आपली इच्छा कळवितो. विमान किती वेगाने फिरत आहे, हवा कोणत्या कोनातून येत आहे, याची मोजमापे संगणकाकडे अखंड येत असतात. त्या साऱ्यांचे आकडे करून, गणित मांडून, कोणती झडप किती हलवावी हे तो दर सेकंदास कित्येक वेळा ठरवितो. अमेरिकेत २५ मे १९७२ रोजी नासा या संस्थेने एफ-८ जातीचे विमान प्रथमच अशा अंकीय संगणकाच्या स्वाधीन करून उडविले. तो संगणक अपोलो चंद्रयानासाठी केलेल्यांपैकीच होता, हे आमच्या विद्यार्थ्यांस ऐकून कौतुक वाटेल.

एका यंत्रावर माणसाचा जीव टांगणे धोक्याचे, यास्तव तेजसमध्ये नियंत्रणाचे चार मार्ग शेजारी शेजारी चालतात. गावच्या पंचांप्रमाणे चौघे आपापले मत देतात. एकाचे उत्तर इतरांशी जुळले नाही तर त्यास बाजूला सारून उरलेले तिघे काम चालवितात, आणि पुढे तिघांत एक बिघडला तरी दोघांचे बहुमत राहते. परंतु येथे एक खोच आहे. चौघांनी एकाच पोथीतून पाठ केले असेल आणि पोथीतच चूक असेल तर चौघेही एकमताने चुकतील. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान-५ हे अग्निबाण उड्डाणानंतर मिनिटही पुरे होण्याच्या आत नष्ट झाले, त्याचे कारण हेच. त्यात दिशादर्शक यंत्रे दोन होती, दोहोंत आज्ञावली एकच होती, आणि दोन्ही एकाच चुकीने बंद पडली. म्हणून यंत्रांची संख्या वाढवून भागत नाही. पोथीच तपासावी लागते.

ही तपासणी कशी होते, हाच आमच्या मते या विषयाचा गाभा होय. प्रथम विमान कागदावर समीकरणांच्या रूपाने उभे करितात. मग वातबोगद्यात त्याच्या प्रतिकृतीवर हवा सोडून आकडे ताडून पाहतात. पुढे जमिनीवरील खोट्या विमानकक्षात खऱ्या वैमानिकास बसवून तासन्‌तास ‘उडवितात’. यानंतर येतो लोहपक्षी. खऱ्या विमानातील संगणक, तेलाच्या दाबाने चालणारे दट्टे, नळ्या व तारा एका लोखंडी सांगाड्यावर जागच्या जागी मांडतात आणि मग मुद्दाम खोड्या काढतात. एक संगणक बंद करितात, मापकाकडून खोटा आकडा पाठवितात, तेलाचा दाब घालवितात. परीक्षकाने येथे दुष्टाहून दुष्ट व्हावे. तो जितका निर्दय, तितका वैमानिक निर्धास्त.

इतके करूनही फसगत होते. स्वीडनमधील ग्रिपेन जातीचे पहिले विमान २ फेब्रुवारी १९८९ रोजी उतरताना धावपट्टीवर आपटून उलटले. सायकल शिकणारा मुलगा डावीकडे झुकला की हँडल फार वळवितो, मग उजवीकडे झुकतो, मग पुन्हा उलट. झोके वाढतच जातात. तसेच येथे झाले. वैमानिकाची हालचाल व विमानाचा प्रतिसाद यांत अंतर पडले आणि त्याची प्रत्येक दुरुस्ती उशिरा पोहोचून आगीत तेल ओतती झाली. सुदैवाने वैमानिक वाचला. आज्ञावली सुधारली गेली. तरीही ८ ऑगस्ट १९९३ रोजी स्टॉकहोम येथे प्रेक्षकांदेखत दुसरे ग्रिपेन अशाच झोक्यांपायी कोसळले. त्याही वेळी वैमानिक आसनासह बाहेर फेकला जाऊन वाचला.

बंगळूर येथे तेजसवर काम करणाऱ्यांपुढे हा इतिहास होता. विमान १७ नोव्हेंबर १९९५ रोजी कारखान्याबाहेर आणून लोकांस दाखविण्यात आले, पण उडाले ते ४ जानेवारी २००१ रोजी. मधली पाच वर्षे पुष्कळांनी नावे ठेविली. त्या काळात काय चालले होते? नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजच्या नेतृत्वाखालील मंडळी नियंत्रणाचे नियम रचीत होती. १९९६ साली हे नियम अमेरिकेत एका विशेष एफ-१६ विमानात घालून प्रत्यक्ष आकाशात पारखले गेले. ते विमान दुसऱ्या विमानाचे सोंग घेऊ शकत असे. मे १९९८ मध्ये पोखरण येथे अणुचाचण्या झाल्या, अमेरिकेने निर्बंध लादले, आणि तेथे काम करीत असलेल्या आपल्या अभियंत्यांस परत यावे लागले. उरलेले काम येथेच पुरे करावे लागले. विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी पहिले उड्डाण केले ते अठरा मिनिटांचे. त्यानंतर मार्च २०२४ पर्यंत एकही तेजस अपघातात गमावले गेले नाही. त्या महिन्यात जैसलमेरजवळ एक पडले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबई येथील प्रदर्शनात दुसरे पडून वैमानिकाचा अंत झाला, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

सर्वांत कठीण परीक्षा मात्र गोव्यात झाली. विमानवाहू जहाजावर लांब धावपट्टी नसते. म्हणून डेकचे टोक उताराच्या उलट, वर वळविलेले असते, आणि विमान उसळी घेऊन फेकलेल्या दगडासारखे हवेत जाते. त्या क्षणी पंखांस पुरता आधार मिळालेला नसतो. नाक थोडे खाली राहिले तर समुद्र, फार वर गेले तर वेग संपतो. दाबोळीच्या आय.एन.एस. हंसा या नौदलतळावर अशाच जहाजासारखा चढ जमिनीवर बांधलेला आहे. २० डिसेंबर २०१४ रोजी कमोडोर जयदीप मावळणकर यांनी नौदलाचे तेजस त्यावरून उडविले. या उड्डाणासाठी नियंत्रणाचा निराळा प्रकार रचलेला आहे. त्यात वैमानिकाने दांड्यास हातही लावावयाचा नसतो, संगणकच विमानास चढणीच्या वाटेवर नेतो. ज्यास आयुष्यभर दांडा घट्ट धरण्याची शिकवण मिळाली त्याने नेमक्या त्या घटकेस हात दूर ठेवणे, यास किती विश्वास लागत असेल! १३ सप्टेंबर २०१९ रोजी तेथेच आडव्या तारेत आकडा अडकवून उतरण्याची चाचणी झाली, आणि ११ जानेवारी २०२० रोजी त्यांनीच विमान विक्रमादित्य जहाजावर उतरविले. दुसऱ्या दिवशी ते तेथून उडालेही.

आता हे काम आपल्या महाराष्ट्राच्याही दाराशी आले आहे. तेजसच्या नव्या आवृत्तीसाठी देशात तयार केलेला नियंत्रण-संगणक १९ फेब्रुवारी २०२४ रोजी प्रथम उडविण्यात आला, आणि नाशिकजवळ ओझर येथील कारखान्यात जुळविलेले या आवृत्तीचे पहिले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी आकाशात गेले. अशा विमानांत प्रत्येक उड्डाणापूर्वी संगणक आपली परीक्षा आपणच घेतो. झडपा हलवून पाहतो, चारही मार्गांची उत्तरे जुळवितो. उत्तर जुळले नाही तर विमान छपरीत परत जाते.