ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रासाठी



शाळेतल्या, ग्राफिक्स कार्ड नसलेल्या जुन्या कॉम्प्युटरांसाठी पाढ्यांचा गेम करतोयस, हे ताईकडून कळलं. गेमसाठी लायब्ररी रेलिब घ्यावी की एसडीएल, हा तुझा प्रश्न.

रेलिब शिकायला सोपी खरी, पण ती मुळात ओपनजीएलवर, म्हणजे ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेण्याच्या व्यवस्थेवर, उभी आहे. लिनक्सवर मेसाचा एलएलव्हीएमपाइप ओपनजीएलचं काम प्रोसेसरकडून करून घेतो, तेव्हा गेम कसाबसा चालेलही. पण आकडे आणि दोन-चार चित्रं हलवायला एवढा खटाटोप कशाला? आलेग्रो या तिसऱ्या लायब्ररीची चौथी आवृत्ती बहुतेक सगळं प्रोसेसरवर काढायची. पाचवी ओपनजीएल आणि डायरेक्टथ्रीडीकडे वळली. म्हणून माझं मत एसडीएल २ ला.

त्यातही रेंडररच्या, म्हणजे शक्यतो ग्राफिक्स कार्डाकडून चित्र काढून घेणाऱ्या भागाच्या, वाटेला जाऊ नकोस, सरफेस वापर. सरफेस म्हणजे मेमरीतला साधा तुकडा, त्यात प्रोसेसर थेट पिक्सेल लिहितो. आता हिशेब कर. ६४० बाय ४८० ची खिडकी, पिक्सेलला चार बाइट, म्हणजे एका फ्रेमला १२,२८,८०० बाइट. सेकंदाला साठ फ्रेम काढल्यास सात कोटींच्या वर. तीच खिडकी १९२० बाय १०८० केलीस की आकडा पन्नास कोटींच्या घरात जातो. १९९३ च्या ‘डूम’ने ३२० बाय २०० वर समाधान मानलं ते उगीच नाही!

शिवाय मूल सात आठे किती ते आठवत असताना पडद्यावर हलतंय काय? काहीच नाही. मग एसडीएलला पुढच्या इव्हेंटची, म्हणजे कळ दाबण्यासारख्या घटनेची, वाट पाहू दे. चित्र हललंच तर जुनी जागा पुसून नवी काढ आणि तेवढेच चौकोन पडद्यावर पाठव. तशी सोय एसडीएलमध्ये आहे. एक डाग पुसायला अख्खं घर रंगवायचं नसतं. चित्रं लोड करतानाच खिडकीच्या पिक्सेल फॉरमॅटमध्ये बदलून घे, नाहीतर तेच रूपांतर दर वेळी होत राहील. अर्धपारदर्शक सावल्या मात्र टाळ: तिथे प्रत्येक पिक्सेल वाचून, गुणून पुन्हा लिहावा लागतो.

तुझ्या नव्या लॅपटॉपवर काहीही पळेल, त्याचं कौतुक मला सांगू नकोस. शाळेतलं सर्वांत मंद यंत्र सरांकडून मागून घे, आणि त्यावर एका फ्रेमला किती मिलिसेकंद लागतात ते कळव.

तुझा मामा