जाहिरातींवर संशोधन : पुस्तक शोधायला फुकट, वाचायला किती?

इंदापूर तालुक्यातल्या डाळजला राहून जाहिरातींवर एमएचा प्रकल्प किंवा पीएचडी करायची असेल, तर पहिले पैसे मोबाइलच्या रिचार्जवर घाला; पुस्तकं विकत घ्यायची घाई नको. रोज दीड जीबीचा महिन्याचा पॅक तीनशे रुपयांच्या आसपास मिळतो आणि शोधाचं बहुतेक काम त्यात उरकतं.

उदाहरणासाठी एक विषय धरू. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीला ‘किर्लोस्कर खबर’ काढलं, ते तिथल्या कारखान्याचा माल आणि त्याची माहिती लोकांपर्यंत पोचावी म्हणून. पुढे त्याचं ‘किर्लोस्कर’ मासिक झालं, जोडीला ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ आली. लोखंडी नांगर विकणाऱ्यांनी मराठी मध्यमवर्गाला वाचायला लावलं. इंदापूर-बारामतीच्या शेतकरी घरातल्या मुलामुलींनी हा विषय घ्यायलाच हवा, असं माझं मत.

सुरुवात शोधगंगापासून करा. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट आहेत. आपल्या विषयाजवळचा एखादा चांगला प्रबंध उघडून आधी मागची संदर्भसूची वाचा. कुणाच्या तरी काही वर्षांच्या कष्टांचं फळ आयतं मिळतं.

मग गूगल बुक्स. इथे काही पुस्तकं पूर्ण दिसतात, काहींची मोजकी पानं, आणि बऱ्याच पुस्तकांचा दोन-तीन ओळींचा तुकडा. त्या तुकड्यावरून प्रबंधात अवतरण देऊ नका. पुढच्याच ओळीत लेखकाने ते मत खोडलेलं असू शकतं. जुन्या मराठी छपाईतली जोडाक्षरं यंत्राला नीट वाचता येत नाहीत, त्यामुळे ‘जाहिरात’ टाकून काही आलं नाही तर ‘जाहीरात’, मालाचं नाव, कंपनीचं इंग्रजी स्पेलिंग असं सगळं टाकून बघा. विल्यम मॅझरेला यांचं मुंबईच्या जाहिरात व्यवसायावरचं ‘शव्हलिंग स्मोक’ किंवा अरुण चौधुरी यांचं ‘इंडियन अॅडव्हर्टायझिंग’ अशी इंग्रजी पुस्तकं मात्र चटकन सापडतात.

पैसे वाचवणारी खरी युक्ती हाथीट्रस्ट या ऑनलाइन ग्रंथसंग्रहात आहे. पुस्तक वाचायला बंद असलं, तरी आपला शब्द कोणकोणत्या पानांवर आहे हे ते बहुतेक वेळा सांगतं. ते आकडे वहीत उतरवून घ्या. लायब्ररीत गेल्यावर चारशे पानांऐवजी बारा पानांची झेरॉक्स निघते.

इंटरनेट आर्काइव्हवर फुकट खातं काढून काही पुस्तकं तासाभरासाठी उसनी घेता येतात. अमेरिकेतल्या प्रकाशकांच्या दाव्यानंतर तिथली लाखो पुस्तकं उसनी मिळणं बंद झालंय, तेव्हा एकट्या त्याच्यावर विसंबू नका. स्कॅन केलेला एखादा जुना खंड शंभर एमबीच्याही वर जातो. तो कॉलेजच्या वायफायवर उतरवा.

लेखांसाठी जेस्टोरचं वैयक्तिक खातं काढा. महिन्याला शंभर लेख पडद्यावर फुकट वाचता येतात, त्यामुळे डॉलर मोजून पास घ्यायचं कारण उरत नाही. त्याआधी बारामतीच्या किंवा इंदापूरच्या आपल्या कॉलेजात ग्रंथपालांना विचारा : कॉलेजांना ई-पुस्तकं आणि नियतकालिकं पुरवणाऱ्या एन-लिस्टचं सभासदत्व आहे का? असेल तर वर्गणी कॉलेज भरतं, आपल्याला फक्त लॉगिन मागायचं. अनेक जण विचारतच नाहीत. २०२५ पासून सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही नियतकालिकांची योजना सरकारी संस्थांसाठी आहे. आपलं कॉलेज त्यात बसतं का, हेही ग्रंथपालांनाच ठाऊक.

जुन्या मासिकांचे बांधीव अंक पाहायचे, तर पुण्याची फेरी चुकत नाही. अंक कुठे आहेत ते वर्ल्डकॅट आणि इंडकॅट या ग्रंथालयांच्या एकत्रित सूच्यांवर फुकट बघा, मग त्या ग्रंथालयाला फोन करा : बाहेरच्या वाचकाला आत घेतात का, दिवसाचे किती, अनामत किती, मोबाइलने फोटो चालतो का? ठिसूळ पानांची झेरॉक्स सहसा मिळत नाही, म्हणून शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. भिगवणहून एसटीने गेलात तर महिलांना अर्धं तिकीट आहे. कॉलेजचं शिफारसपत्र आणि ओळखपत्र सोबत ठेवा. अनामत भरलीत तर पावती जपून ठेवा, तिच्याशिवाय पैसे परत मिळवताना दमछाक होते.

‘संदर्भ शोधून, लिहूनही देतो’ म्हणत काही हजार मागणारे भेटतील. त्यांना एक रुपयाही देऊ नका.