जीवसांख्यिकीचे उच्चशिक्षण : निवड आणि खर्च

औषधाची चाचणी किती रुग्णांवर घ्यावी, दिसलेला फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविणारे शास्त्र म्हणजे जीवसांख्यिकी. आपल्या सभासदांची गणितप्रेमी मुले इकडे वळत आहेत. प्रवेशापूर्वी बहुचल कलनशास्त्र, रेषीय बीजगणित व संभाव्यता यांचा पाया तपासावा. नुसती एम.बी.बी.एस. पदवी येथे पुरत नाही, हे आम्हा डॉक्टरांच्या सहसा पचनी पडत नाही!

अमेरिकेतील एम.एस.चा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो. पीएच.डी.ला मात्र अध्यापन वा संशोधन साहाय्यकाच्या कामाबदल्यात शुल्कमाफी व निर्वाहवेतन सामान्यतः मिळते. तथापि तेथील राष्ट्रीय आरोग्य संस्थांची प्रशिक्षण-अनुदाने केवळ नागरिक व कायम रहिवाशांसाठी असतात. म्हणून साहाय्य किती वर्षांचे, उन्हाळ्यात मिळते का, आरोग्यविमा त्यात धरला आहे का, हे होकार कळविण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावे.

एम.एस.साठी राहते घर तारण ठेवण्याचा विचार चालू असेल, तर १९५६ साली स्थापन झालेली मुंबईची आंतरराष्ट्रीय जनसंख्या विज्ञान संस्था आणि वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय येथील एम.एस्सी. अभ्यासक्रम आधी पाहावेत. येथे पदवी घेऊन पुढे साहाय्यासह पीएच.डी.ला जाणे मला तरी अधिक श्रेयस्कर वाटते.