वळणापूर्वीची मार्गिका

नागपूरहून भंडारा, राजनांदगाव व दुर्ग या शहरांवरून येणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ टाटीबंध येथे रायपूर शहरात शिरतो. पूर्वी तो क्रमांक ६ चा महामार्ग होता. शहरातील लोक त्याला अजूनही जी. ई. रोड, म्हणजे ग्रेट ईस्टर्न रोड, असे म्हणतात. दुर्गकडून येणाऱ्या चालकापुढे टाटीबंधला तीन वाटा असतात. डावीकडे बिलासपूरच्या दिशेचा रस्ता, समोर शहर आणि उजवीकडे पचपेढी नाक्याकडे जाणारा वर्तुळाकार मार्ग. यांपैकी कोणती वाट धरावयाची, हे चौकात पोहोचल्यावर ठरवणे म्हणजे उशीर करणे होय.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. म्हणून डावीकडे वळणाऱ्याने आधीच डाव्या कडेच्या मार्गिकेत यावे, आणि नव्या रस्त्यातही डाव्या कडेनेच शिरावे. उजवीकडे वळणाऱ्याने रस्त्याच्या मध्याजवळ यावे, समोरून येणाऱ्या वाहनांना वाट द्यावी, आणि नव्या रस्त्याच्या डाव्या अर्ध्या भागात प्रवेश करावा. वळण चुकीच्या बाजूने कापून जाऊ नये. १९८९ च्या मार्गनियमांत हेच सांगितले होते. २०१७ मध्ये नवे विनियम आले तरी तत्त्व बदलले नाही.

या नियमामागे साधे गणित आहे. दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेले दोन रस्ते परस्परांना छेदतात, तेव्हा वाहनांचे मार्ग ३२ ठिकाणी एकमेकांशी संबंध पावतात. त्यांपैकी १६ ठिकाणी ते एकमेकांस छेदतात, ८ ठिकाणी एकत्र येतात व ८ ठिकाणी विभक्त होतात. मधल्या मार्गिकेतून कोणी अचानक डावीकडे वळला, तर यांत आणखी एका छेदाची भर पडते. आणि त्याची कल्पना शेजारून सरळ जाणाऱ्याला मुळीच नसते.

सर्वांत मोठा धोका सायकलस्वाराला असतो. लांब मालमोटार डावीकडे वळताना तिची मागील चाके पुढील चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती वळणाच्या आतील बाजूस सरकतात. मालमोटार व रस्त्याची कड यांमध्ये आलेल्या सायकलस्वारासाठी मग जागाच उरत नाही, आणि चालकाला तो बहुधा आरशातही दिसत नाही. म्हणून वळणाऱ्या मालमोटारीच्या डाव्या बाजूने पुढे जाण्याचा मोह सायकलस्वाराने टाळावा, आणि चालकाने वळण्यापूर्वी डावी बाजू पुन्हा एकदा पाहावी.

क्रम असा असावा: प्रथम आरसा, मग इशारा, नंतर मार्गिकाबदल, आणि वेग कमी करून शेवटी वळण. उजवीकडे वळण्यासाठी थांबले असता पुढील चाके सरळ ठेवावीत. ती आधीच वळवलेली असतील आणि मागून धक्का बसला, तर वाहन थेट समोरून येणाऱ्या वाहनांपुढे ढकलले जाते.

एवढे करूनही चूक होते. टाटीबंधला आता उड्डाणपूल असल्यामुळे पुलावर चढावे की खालच्या रस्त्याने जावे, हेदेखील बरेच आधी ठरवावे लागते. नवख्या चालकाचा तेथे गोंधळ होणे स्वाभाविक आहे. अशा वेळी ज्या मार्गिकेत आपण आहोत ती जेथे नेईल तेथे जावे, आणि पुढे सोयीच्या जागी वळून परतावे. यात काही मिनिटे जातात. शेवटच्या क्षणी आडवे वाहन घालणारा चालक ही मिनिटे वाचवतो खरा, परंतु त्यासाठी तो दुसऱ्याचा जीव पणास लावत असतो.