डासाचं आयुष्य आणि हवेचं गणित

मागच्या 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, आम्ही सिकंदराबादला आजोबांच्या कबरीवर फुलं ठेवायला गेलो होतो. महिन्याभरापूर्वी ठेवलेला काचेचा ग्लास तिथे तसाच होता आणि कुजलेल्या देठांभोवती अळ्या वळवळत होत्या. धाकटा भाऊ नुकताच डेंग्यूतून उठला होता. आईने काही न बोलता ग्लास उपडा केला. मला मात्र प्रश्न पडला, की हा धोका नेमका आजमावायचा कसा?

उत्तराची सुरुवात आपल्याच शहरात सापडते. 20 ऑगस्ट 1897 रोजी बेगमपेठेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटाच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी दिसला. त्या डासाने रुग्णाचं रक्त पिऊन तेव्हा चार दिवस झाले होते. हे 'दिवस'च महत्त्वाचे. पोटातून लाळेपर्यंत पोचायला परजीवीला वेळ लागतो आणि तो किती, हे हवा ठरवते. फाल्सिपेरम मलेरियाला 25 अंशांवर साधारण 12 दिवस पुरतात, तर 20 अंशांवर जवळजवळ चार आठवडे लागतात. बहुतेक डास दोन-तीन आठवड्यांपलीकडे जगत नाहीत. म्हणजे गारव्यात डास आधी मरतो, उबेत परजीवी आधी तयार होतो.

म्हणून धोका आजमावताना तीन प्रश्न विचारावेत. परिसरात डास आहेत का? कुणाच्या रक्तात रोगजंतू आहेत का? आणि ते डासात तयार होईपर्यंत डास जगेल, अशी हवा आहे का? हा गुणाकार आहे. एक उत्तर शून्य आलं की सगळंच शून्य.

'गरमी वाढली की रोग वाढतो' हे मात्र अर्धंच खरं. मे महिन्यातल्या 40 अंशांत डास फार टिकत नाहीत. मलेरियाला साधारण 25, तर डेंग्यूला 29 अंशांच्या आसपासची हवा मानवते. त्यामुळे नुसती वर्षाची सरासरी बघून चालणार नाही. पावसानंतरचे उबदार दिवस किती लांबले आणि हिवाळ्यातल्या रात्री किती कमी गार झाल्या, ते बघायला हवं.

पाऊस कमी झाला तरी सुटका नाहीच. नळाला दिवसाआड पाणी आलं की आपण पिंपं भरून ठेवतो आणि डेंग्यूच्या एडिस डासाला नेमकं असंच साठवलेलं पाणी आवडतं. त्याची अंडी भांड्याच्या कडेला चिकटून, कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. म्हणजे आईने ग्लास उपडा केला ते बरोबर, पण अर्धंच काम झालं. कडा घासायची राहिली होती.

उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे रिकामा करून, घासून, वाळवायचा. आमच्या घरी तो शनिवार आहे. आणि आजोबांच्या कबरीवर आता पाण्याचा ग्लास नसतो. ओल्या वाळूत खोचलेली फुलंही छान टिकतात.