तेरडा

श्रावणसरींनी डोंगरउतार हिरवेगार झाले, की सह्याद्रीच्या कुशीत तेरडा फुलू लागतो. एकाच पावसाळ्यात रुजणारी, फुलणारी व सुकून जाणारी ही वर्षायू वनस्पती होय. तिचे खोड मऊ व रसाळ असून पाने लांबट व दातेरी कडांची असतात. फुले बहुधा गुलाबी असतात. प्रत्येक फुलामागे एक बारीक, वाकडी नळी असते. तीत मध साठतो.

तेरड्याच्या बीजात दोन दले असतात. म्हणून त्याची गणना द्विदल वनस्पतींत होते. त्याच्या कुलास बाल्समिनेसी म्हणतात. १७५३ साली लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञाने त्याला ‘इंपेशन्स बाल्समिना’ हे नाव दिले. इंपेशन्स म्हणजे उतावीळ! पिकलेल्या बोंडाला नुसते बोट लावा. ते तत्काळ तडकते, त्याची पाच शकले आत वळतात आणि बिया दूर उडतात.

‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे लोक म्हणतात. रंग क्षणिक खरा. परंतु पुढील वर्षीचा तेरडा बीजरूपाने मातीत निजलेला असतो. म्हणून गौरीसाठी तेरडा आणताना काही रोपे बोंडे पिकेपर्यंत माळावरच राहू द्यावीत.